त्या दोन पोरांना वेळ द्या: आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या सर्व मराठी रग्बीप्रेमी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षं लिमेरिकमध्ये राहते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी माझी ओळख गणपतीतली, दिवाळीच्या फराळातली, आणि हल्ली जास्त करून सामन्याच्या दिवशी पेटणाऱ्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली. हे पत्र त्या ग्रुपबद्दलच आहे, आणि तिथे ज्यांच्यावरून आपण भांडतो त्या आयर्लंडच्या दोन तरुण रग्बी खेळाडूंबद्दल, जॅक क्राउली आणि सॅम प्रेंडरगास्ट. तिथेच लिहिलं असतं तर अर्ध्या तासात पन्नास मेसेजांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

२२ नोव्हेंबर २०२५ चा शनिवार. डब्लिनला अविवा स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेने आयर्लंडला २४–१३ हरवलं. स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठीच्या रेटारेटीत, आपली माणसं मागे रेटली जात होती, कार्डांवर कार्डं निघत होती (रग्बीत कार्ड मिळालं की काही वेळ बाहेर बसावं लागतं), एका वेळी तर मैदानात आपले बाराच जण उरले होते. रात्री जेवणं आटोपल्यावर मी भांडी घासत होते, फोन टेबलावर चार्जिंगला होता. माझा तेरा वर्षांचा मुलगा शेजारी गृहपाठ करत बसला होता. फोन सारखा वाजतोय म्हणून त्याने उचलला. सॅम प्रेंडरगास्ट पिवळं कार्ड घेऊन मान खाली घालून बाहेर जातो आहे, एवढाच तुकडा कोणीतरी कापून, संथ करून, वर गाणं लावून टाकला होता. खाली हसण्याच्या खुणांची रांग. मग "याला घेतलं कोणी?", "शाळेत परत पाठवा", आणि आणखी काही, जे मी इथे लिहिणार नाही.

पोराने सगळं वाचलं. मराठी त्याला नीट वाचता येतं, ते मीच हौसेने शिकवलंय. मग मला म्हणाला, "आई, हे काका आपल्याकडे गणपतीला येतात ना?"

मी हो म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही. फोन पालथा ठेवला आणि वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी त्याच्या क्लबचा सामना होता. तोही दहा नंबरलाच खेळतो. किक मारायची वेळ आली की एरवी टी, म्हणजे चेंडू उभा करायची बैठक, मागायला सगळ्यांत आधी तोच धावतो. त्या सकाळी त्यांच्या संघाने ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, प्रशिक्षकांनी टी त्याच्याकडे टाकली, आणि त्याने ती शेजारच्या पोराच्या हातात दिली. घरी येताना गाडीत विचारलं तर म्हणाला, "तो माझ्यापेक्षा चांगली मारतो." तसं काही नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून हे पत्र.

कोल्हापूर-पुण्याला तुमच्या घरचेही हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. रग्बीत पंधरा जणांच्या संघात दहा नंबरचा खेळाडू म्हणजे संघाचं डोकं. त्याला इथे आउट-हाफ म्हणतात. गर्दीतून चेंडू सुटला की तो आधी त्याच्याकडे येतो. पास द्यायचा, लांब किक मारून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं, की स्वतः घुसायचं, हे त्याने ठरवायचं, तेही शंभर किलोची माणसं अंगावर धावून येत असताना. बहुतेक वेळा गोलवर किक मारायचं कामही त्याच्याच गळ्यात. पेनल्टीला तीन गुण, ट्रायनंतरच्या किकला दोन. पेनल्टी मारायला साठ सेकंद मिळतात आणि त्या साठ सेकंदांत मैदानावर दुसरं काहीही चालू नसतं. बाकी चौदा जणांच्या चुका गर्दीत झाकल्या जातात. दहा नंबरची चूक उभ्या देशाला दिसते.

ही जागा आयर्लंडकडून चौदा वर्षं जॉनी सेक्स्टनने सांभाळली. ११८ सामने आणि ११०८ गुण. एवढे गुण आयर्लंडकडून दुसऱ्या कोणी केलेले नाहीत. २०१८ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसला फ्रान्स पुढे होतं, ऐंशी मिनिटं उलटून गेली होती, आयर्लंडने ४१ टप्पे, म्हणजे एकामागून एक अडवले जात असतानाही, चेंडू जिवापाड धरून ठेवला आणि शेवटी सेक्स्टनने जवळजवळ ४५ मीटरवरून ड्रॉप गोल, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक, मारून सामना १५–१३ असा फिरवला. ती किक तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. माझ्याही आहे. १८ मार्च २०२३ ला इंग्लंडला हरवून त्याच्या कप्तानीत डब्लिनमध्ये ग्रँड स्लॅम मिळाला, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले पाचही सामने जिंकले. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, पॅरिसजवळच्या स्ताद दे फ्रान्सवर, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात न्यूझीलंडने आपल्याला २८–२४ हरवलं. ३७ टप्प्यांनंतर चेंडू हातातून गेला आणि त्याचं खेळणं संपलं. वय ३८.

त्या सामन्यात सेक्स्टनची एक पेनल्टी हुकली होती. आठवते का कोणाला? नाही आठवत, कारण ती कोणी कापून, संथ करून पाठवली नाही. आपण सगळे रडत होतो.

त्याच्याही दहा वर्षं आधीची एक गोष्ट सांगते. २४ नोव्हेंबर २०१३, डब्लिन. तोवर आयर्लंडने न्यूझीलंडला एकदाही हरवलेलं नव्हतं, १९०५ पासून प्रयत्न चालला होता. त्या दिवशी आयर्लंड २२–१७ पुढे, सामना संपायला सहा-सात मिनिटं, आणि सेक्स्टनसमोर पेनल्टी. ती गेली असती तर सामना आवाक्याबाहेर गेला असता. हुकली. न्यूझीलंडने वेळ संपल्यावर ट्राय केला, त्यानंतरची किकही मारली, २४–२२. सेक्स्टन तेव्हा २८ वर्षांचा होता, चार वर्षं आयर्लंडकडून खेळलेला, दोन वर्षांपूर्वी युरोपच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकट्याने २८ गुण केलेला. आणि तरी हुकली. चार महिन्यांनी पॅरिसला त्याच सेक्स्टनने दोन ट्राय करून आयर्लंडला सिक्स नेशन्स जिंकून दिली.

त्या सामन्याच्या आठच दिवस आधी आपला सचिन वानखेडेवर शेवटचं खेळला होता. १६ नोव्हेंबर २०१३. तुम्ही कुठे होतात ते तुम्हाला नक्की आठवत असेल. मी कोल्हापुरात आईच्या घरी होते, टीव्हीसमोर, आणि बाबा उठून आतल्या खोलीत गेले होते. त्यानंतर महिनाभर एकच प्रश्न: चार नंबरला कोण? विराट कोहली उतरला, जोहान्सबर्गला ११९ आणि ९६ केले. सगळे म्हणाले, मिळाला. मग २०१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाच कसोटींत मिळून त्याच्या १३४ धावा झाल्या, आणि तीच तोंडं म्हणायला लागली, हा कसला सचिनच्या जागी. त्या वेळी त्याला कायमचा बाहेर बसवला असता तर पुढच्या काही महिन्यांत ऑस्ट्रेलियात त्याने केलेल्या ६९२ धावा आपल्याला दिसल्या असत्या का? हे आपण भोगलेलं आहे. आयरिश लोकांना नवीन असेल, आपल्याला नाही. म्हणून मला तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे.

आता दोन पोरांबद्दल.

जॅक क्राउली कॉर्क काउंटीतल्या इनिशॅननचा, मन्स्टरचा, म्हणजे आमच्या प्रांताच्या संघाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेक्स्टनची पोटरी धरली आणि सामन्याआधी ऐन वेळी या बावीस वर्षांच्या पोराला दहा नंबरला उभं केलं. त्याने निभावून नेलं आणि शेवटी बदली म्हणून आलेल्या रॉस बर्नने पेनल्टी मारून १३–१० जिंकून दिलं. पुढच्या मे महिन्यात डब्लिनमध्ये तिथल्या प्रांताच्या लेन्स्टर संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत क्राउलीचा ड्रॉप गोल, मन्स्टर १६–१५, आणि दोन आठवड्यांनी केप टाउनमध्ये लीगचं विजेतेपद. लिमेरिकमध्ये त्या रात्री लोक रस्त्यावर होते, आम्हीही होतो. सेक्स्टन निवृत्त झाल्यावर २०२४ च्या सिक्स नेशन्सचे पाचही सामने क्राउलीने सुरू केले. पहिलाच मार्सेला फ्रान्सविरुद्ध, ३८–१७. ट्विकनहॅमला इंग्लंडकडून एका गुणाने हरले, बाकी चार जिंकले, विजेतेपद राखलं.

सॅम प्रेंडरगास्ट किल्डेअरचा, लेन्स्टरचा. उंच, हाडकुळा, चेंडू पायावर आला की जणू वेळ थांबते असा. २०२३ मध्ये वीस वर्षांखालच्या संघाबरोबर ग्रँड स्लॅम जिंकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या संघात आला आणि २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये पहिले चार सामने त्याने सुरू केले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिघांना हरवून ट्रिपल क्राउन मिळाला, मग फ्रान्सने डब्लिनमध्ये ४२–२७ असं झोडपलं. शेवटचा रोमचा सामना क्राउलीकडे. मग २०२५ च्याच नोव्हेंबरात दोघांची पुन्हा अदलाबदल: शिकागोत न्यूझीलंडसमोर क्राउली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्रेंडरगास्ट, तो सामना ४६–१९ जिंकला, आणि एका आठवड्याने तोच दक्षिण आफ्रिकेचा सामना. त्या दिवशी पिवळं कार्ड दोघांनाही मिळालं होतं, हे ग्रुपवर कोणी लिहिलं नाही.

मी मन्स्टरची आहे, लपवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की क्राउलीवर अन्याय झाला. ज्याने सेक्स्टननंतरच्या पहिल्याच वर्षी पाच सामने अंगावर घेऊन विजेतेपद राखलं, त्याला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्धच्या एका पराभवानंतर हळूहळू बाकावर सरकवायला नको होतं. दहा नंबरला सलग सामने लागतात. नऊ नंबरच्या हाताचा वेग, बारा-तेरा नंबरच्या धावण्याच्या रेषा, हे अंगात मुरायला वेळ लागतो. सामन्यागणिक माणूस बदलला की दोघांपैकी कोणाचंच मुरत नाही. निवड करणाऱ्यांशी माझं हे भांडण आहे आणि ते मी कुठेही मांडीन.

पण त्यात सॅमचा काय दोष? त्याला बोलावलं, तो आला. तुमच्यापैकी कोणी मुलाला सांगेल का, की बाळा, देशाने बोलावलंय पण तू जाऊ नकोस, दुसऱ्याचा नंबर आहे? पहिल्यांदा सुरुवातीच्या पंधरात उतरला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या वयात काय, बावीस-तेविसाव्या वर्षीसुद्धा जॉनी सेक्स्टन आयर्लंडकडून एकही सामना खेळलेला नव्हता. त्याला पहिला सामना मिळाला नोव्हेंबर २००९ मध्ये, चोविसाव्या वर्षी. म्हणजे ज्या वयाच्या पोराला आपण सेक्स्टनच्या मापाने मोजतोय, त्या वयाचा सेक्स्टन कोणी पाहिलेलाच नाही. आपण मोजतोय ते अडतिसाव्या वर्षीच्या सेक्स्टनशी.

आणि सेक्स्टनला तरी जागा कोणी ताटात वाढून दिली? त्याच्या आधी रोनन ओ'गारा होता, मन्स्टरचा, १२८ सामने. मे २००९ मध्ये क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर लेन्स्टर आणि मन्स्टर भिडले, लेन्स्टरचा दहा नंबर जखमी झाला आणि हा तेवीस वर्षांचा पोरगा आत आला. लेन्स्टर २५–६ जिंकलं, आणि एका ट्रायनंतर सेक्स्टन ओ'गाराच्या अंगावर जाऊन ओरडला. जुनी मंडळी अजून त्या क्षणाबद्दल भांडतात. पण त्यानंतर दोन-तीन वर्षं दोघे एकाच संघात होते, कधी हा, कधी तो. २०११ च्या विश्वचषकात वेल्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सुरुवात ओ'गाराने केली आणि सेक्स्टन बाकावर होता. पुढे ओ'गारा निवृत्त होऊन पॅरिसच्या रॅसिंग क्लबात प्रशिक्षक झाला तेव्हा त्याच क्लबात त्याच्या हाताखाली खेळायला कोण होतं? सेक्स्टन. ज्याच्या अंगावर ओरडला, त्याच्याच हाताखाली. आज तोच सेक्स्टन आयर्लंडच्या प्रशिक्षकांत आहे आणि सरावात जॅक आणि सॅम दोघांबरोबर उभा राहतो. ज्याची जागा हवीय, तो स्वतः दोघांना शिकवतोय. त्या तिघांत वैर नसेल तर आपण ते कुठून आणतो?

एक नाव मध्येच विसरलं जातं, जोई कार्बरी. २०१६ मध्ये शिकागोत आयर्लंडने अखेर न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवलं, त्या सामन्यात हा एकवीस वर्षांचा पोरगा सेक्स्टनच्या जागी बदली म्हणून उतरला होता. पुढचा सेक्स्टन म्हणून त्याच्या पाठीला चिठ्ठी चिकटली. २०१८ मध्ये लेन्स्टर सोडून आमच्या मन्स्टरला आला, मग दुखापतींवर दुखापती, आणि २०२३ च्या विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव नव्हतं. मी त्याला लिमेरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर खेळताना पाहिलंय. चेंडू हातात आला की स्टँडमधली माणसं पुढे सरकून बसायची. ती चिठ्ठी नसती तर तो काय झाला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्याबद्दल बोलते. तुम्ही म्हणाल, बाई, लेन्स्टर-मन्स्टर म्हटलं की असं चालायचंच, तू कोल्हापूरची, तुला माहीत नाही का. माहीत आहे. चांगलं माहीत आहे. माझे बाबा शिवाजी पेठेतले, मामा मंगळवार पेठेतले. शाहू स्टेडियमवर दोन्हीकडच्या तालमींचा फुटबॉल सामना असला की त्या दिवशी मामा आमच्याकडे जेवायला थांबत नसत. सामन्यात कोणी गोल घालवला तर त्याच्या नावाने पेठेत काय काय बोललं जाई, ते मी लहानपणी गॅलरीतून ऐकलंय. पण तिथे ज्याला शिव्या बसत, तो आपल्या गल्लीतला असे. संध्याकाळी त्याच कट्ट्यावर येऊन बसे. ज्याने सर्वांत मोठ्याने शिवी दिली, तोच त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला हळद लावून पट्टी बांधे आणि वर दूध-अंडी पाठवी. बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या आईच्या डोळ्यांत बघावं लागे. म्हणून जीभ सुटली तरी एका मर्यादेला येऊन थांबे. आपण इथे येऊन पेठेतली शिवी तेवढी उचलली, पट्टी आणि दूध विसरलो. सॅमची आई आपल्याला कधी भेटणार नाही. म्हणून काहीही लिहायचं?

आणि थॉमंड पार्कची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे, पण मला ती सांगू द्या, कारण माझं रग्बीवर प्रेम बसलं ते तिथे. लिमेरिकमध्ये आल्यावर पहिल्या हिवाळ्यात कामावरच्या एका मैत्रिणीने तिच्या वडिलांचं तिकीट मला दिलं. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पाऊस आडवा येत होता. सगळे ओरडत, गात होते, आणि अचानक सगळं बंद झालं. मला वाटलं कोणाला तरी लागलं. मैत्रिणीने ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या संघाचा खेळाडू किक मारायला उभा होता. आपला नाही, समोरचा. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढ्या मैदानात ध्वजाची दोरी खांबावर आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. माझ्या पुढे बसलेला सहा-सात वर्षांचा मुलगा चिप्सचं पाकीट तसंच हातात धरून, तोंडातला घास न चावता थांबला होता. किक गेली, पाय जमिनीला टेकला, आणि मगच गर्जना झाली. हा इथला जुना रिवाज आहे: किक मारणारा कोणाचाही असो, त्याला शांतता द्यायची. घरी येऊन मी आईला फोनवर सांगितलं, आई, इथली माणसं चांगली आहेत.

मंडळी, ती शांतता पुरेशी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पूर्वी शिट्टी झाली की सामना संपायचा. आता तो पोरगा ड्रेसिंग रूममध्ये जाऊन फोन उघडतो आणि दुसरा सामना सुरू होतो, ज्यात समोर पंधरा नाही, पंधरा हजार असतात आणि त्याला टॅकल करता येत नाही. आपला ग्रुप मराठीत आहे, सॅम किंवा जॅक तो वाचणार नाहीत, हे मला कळतं. पण आपली पोरं वाचतात. आपल्यातल्या किती घरांतली पोरं रविवारी सकाळी गमशील्ड खिशात घालून चिखलात उतरतात, हिशेब करा. त्यांना जे दिसतं ते असं: किक हुकली की आपलेच काका हसतात.

म्हणून मागणं साधं आहे. खेळावर बोला, भांडा, रात्रभर भांडा. प्रेंडरगास्टचा टॅकल कच्चा आहे, म्हणा, मीही म्हणते. क्राउली दबावाखाली कधी कधी उगाच किक मारून चेंडू देऊन टाकतो, म्हणा. दहा नंबरला खेळू शकणाऱ्या तिसऱ्या पोराला, फ्रॉलीला, का विसरले म्हणा, डर्बनला त्याच्या ड्रॉप गोलने दक्षिण आफ्रिकेला २५–२४ हरवलं होतं, ते कोणी विसरू नये. पण कापलेले तुकडे फिरवू नका, टोपणनावं ठेवू नका, एखाद्याच्या शरीरावरून, चेहऱ्यावरून, घरावरून बोलू नका. कोणी टाकलं तर दुसऱ्याने लगेच "काढ" म्हणावं. ग्रुप चालवणाऱ्या दादांना माझी हात जोडून विनंती आहे की हा नियम ग्रुपच्या वर लिहून ठेवावा. आणि "पुढचा सेक्स्टन कोण" हा प्रश्न काही वर्षं तरी बाजूला ठेवा. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे. तिथे जायला आपल्याला दहा नंबरचे दोन खेळाडू लागणार आहेत, दोघेही खंबीर, दोघेही न घाबरणारे. सेक्स्टनच्या काळात त्याच्या मागे वर्षानुवर्षं कोणी नीट उभं राहिलं नाही आणि तो दुखावला की उभ्या देशाचा श्वास अडकायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

५ फेब्रुवारीला, गुरुवारी रात्री, सिक्स नेशन्सचा पहिला सामना आहे, फ्रान्सविरुद्ध, त्याच स्ताद दे फ्रान्सवर. दहा नंबरला जॅक असेल की सॅम, ते आज मला माहीत नाही. लिमेरिक आणि आसपासच्या सगळ्यांना आमच्या घरी आमंत्रण आहे. दुसऱ्या दिवशी काम आहे हे ठाऊक आहे, तरी या. मिसळ असेल, कोल्हापूरहून आणलेल्या मसाल्याची, आणि ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी दही. पोरांना घेऊन या. दारात एक मोठा स्टीलचा डबा ठेवलेला असेल, आत येताना फोन त्यात टाकायचा आणि जाताना घ्यायचा. आणि किक मारायला कोणीही उभा राहिला, हिरव्यातला असो की निळ्यातला, की खोलीत सगळ्यांनी गप्प बसायचं. माझा मुलगा पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेला असेल.

आपली नम्र,
एक कोल्हापूरकर, लिमेरिक
जानेवारी २०२६